खारपाणपट्ट्यातला हिरवा ठिपका

मला पाणी चाखायचं वेड आहे. घरचे म्हणतात, हिला कुठल्याही देवळात न्या, देवाआधी ही तिथला नळ शोधते. माझ्या पिशवीत कायम एक स्टीलचं छोटं फुलपात्र असतं. जिथं जाईन तिथलं पाणी त्यात घ्यायचं, डोळे मिटून घोटभर प्यायचं आणि मगच त्या गावाशी बोलायला सुरुवात करायची, अशी माझी जुनी खोड आहे. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना ती ठाऊकच आहे, नव्यांनी सांभाळून घ्यावं.

यावेळचा प्रवास काही वर्षांपूर्वीचा, तेव्हाच्या वहीतून उतरवलेला. तो सुरू झाला मात्र पुण्यात, संगणकासमोर, एका आळसावलेल्या दुपारी. सरकारी संकेतस्थळं धुंडाळायची आणखी एक खोड मला आहे. लोक हॉटेलांचे अभिप्राय वाचतात, मी जिल्ह्यांची पाण्याची पानं वाचते. कुठल्या गावात कुठली विहीर, कुठला हातपंप, पाणी कधी तपासलं, गटारं कधी उपसली, धूरफवारणी कधी झाली, सगळं तिथं असतं आणि सहसा कुणी बघत नाही. प्रवासाला निघण्याआधी तुम्हीही बघत जा. पोट बिघडण्याच्या निम्म्या गोष्टी आधीच कळतात.

त्या दुपारी अमरावती जिल्ह्याचा नकाशा उघडला होता. पिण्याजोगं पाणी असेल तिथं हिरवा ठिपका, नसेल तिथं लाल. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, दर्यापूरच्या आसपास, सगळा पट्टा लालच लाल होता. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणीच तिथं खारं, कितीही खोल जा. आणि त्या सगळ्या लालीत एक हिरवा ठिपका होता, अगदी एकटा. गावातल्या हातपंपाचं पाणी, पिण्यास योग्य. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. चहूबाजूंनी खारट जमीन आणि मधेच कुठूनतरी गोडं पाणी वर येतंय, या कल्पनेनं मला झोप लागेना. तीन दिवस त्या ठिपक्याचीच स्वप्नं पडली म्हणा ना.

मैत्रीण म्हणाली, "वऱ्हाडात? फिरायला? अगं, तिकडे सध्या पेपरवाले नाहीतर मंत्री जातात." तिचं चूक नव्हतं. ती वर्षं तशीच होती. कापसाला भाव नव्हता आणि त्या भागाचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं. पण मला ठिपका बघायचा होता.

पहिला दिवस: अकोला, शकुंतला आणि आपांचा माठ

अकोल्याला सकाळी उतरले. थंडी होती. स्टेशनबाहेर गाडीवर तर्रीपोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट की पाणी मागावंच लागतं, आणि पाणी प्यायल्यावर गाडीवाल्यानं माझ्या फुलपात्राकडे बघून विचारलं, "काहून बाई, आमचा गिलास चालत नाई का?" त्याची समजूत काढण्यात दुसरी प्लेट झाली.

अकोल्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर. तिथून दर्यापूरला एसटी आहे, काळीपिवळी जीप आहे, पण तेव्हा शकुंतला अजून धावत होती आणि ती असताना जीपनं जाणं म्हणजे अपराधच. अरुंद रुळांवरची छोटीशी गाडी, तिकीट चहापेक्षा थोडंसं जास्त. वेळ असेल त्यानंच बसावं. ही गाडी पोचवत नाही, डुलवते. फाटकापाशी थांबते, माणूस उतरून फाटक लावतो, गाडी पुढे गेली की फाटक उघडून तोच माणूस परत चढतो. दोन्हीकडे काळी जमीन, तुरीची पिवळी फुलं, वेचणीला आलेला कापूस. धुकं पुरतं उठलं नव्हतं. बाया पांढऱ्या ओट्या बांधून धुक्यातून येत होत्या आणि परत धुक्यात जात होत्या. मला दोनदा डुलकी लागली, आणि दोन्ही वेळा डोळे उघडल्यावर जे दिसलं ते स्वप्नाहून वेगळं नव्हतं.

दर्यापूरहून जीपनं पुढे. रस्ता म्हणजे खड्डे जोडत केलेली वाट, कंबर सांभाळून बसा. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावानंच तसं सांगितलंय. का ते पुढे कळेल.

जीप थांबते तिथं समोरच शमीमआपांचं घर. आपा पिंजाऱ्यांच्या घरातल्या, साठीच्या, रजया आणि गाद्या भरून देतात. ओसरीवर कापूस पिंजणं चालू होतं आणि उन्हाच्या तिरपीत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते. मी तिथंच उभी राहिले.

"कोणाच्या घरी आली व तू?" आपांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. पाणी बघायला आलेय."

"पाणी? पुण्याहून पाणी पाहाले आली?" आपांनी हातातलं काम ठेवलं. "बस बेटा. उन्हातून आली. पाणी पाहू नको, पे."

कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला काळा माठ होता. त्यातलं पाणी त्यांनी माझ्या फुलपात्रात ओतलं. मी डोळे मिटले. गोड! हलकं, जिभेवर काहीच न ठेवणारं, शेवटी किंचित पानांचा वास असलेलं. माझे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात त्या ठिपक्याला हात जोडले.

रात्री राहायची सोय शेजारच्या निर्मलाच्या घरी झाली. निर्मला पस्तिशीची, ग्रामपंचायतीतला संगणक ती चालवते. वीज असली तर, आणि जोडणी मिळाली तर. तिचा नवरा गजानन ओसरीवर खाटेवर होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं खाऱ्या पाण्यानं खराब होत चाललीत. अकोल्याच्या डॉक्टरनं बजावलंय, यापुढे फक्त गोडं पाणी.

"डॉक्टरले म्हटलं, साहेब, गोळी लिहून द्या, थे भेटते," गजाननभाऊ हसत म्हणाले. "गोडं पाणी काय मेडिकलात भेटते का?"

मी गोंधळले. "पण तुमच्या हातपंपाचं पाणी तर गोड आहे. आत्ताच आपांकडे प्यायले."

निर्मला आणि गजाननभाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. "थे पाहुण्याचं होतं ताई," निर्मला म्हणाली.

मग तिनं सांगितलं. या गल्लीत पाहुण्याचा माठ वेगळा असतो. कुणाकडेही पाहुणा आला की घरची बाई तांब्या घेऊन आपांकडे येते, कारण आपांचं घर एसटीच्या थांब्यासमोर आणि पाहुणा पहिला त्यांनाच दिसतो. त्या माठातलं पाणी गोडं, बाहेरगावाहून आणलेलं. घरचं कुणी त्याला हात लावत नाही. गजाननभाऊसुद्धा नाही. त्यांचा कॅन वेगळा, तो आठवडाभर पुरवायचा, संपला तर खारं. माठ मात्र भरलेला राहिला पाहिजे.

"खाऱ्या गावात पोरगी देत नाई कोणी," निर्मला म्हणाली. "पाहायले आलेल्याईले खारं पाजलं तं गावातले पोरं बिनलग्नाचे राहतीन. म्हणून माठ."

जेवायला ज्वारीची भाकर आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी होती. सोले नरम शिजले होते, म्हणजे तेही माझ्यासाठी गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. हे कळल्यावर मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, मला तुमचं रोजचं पाणी द्या. निर्मलानं ऐकलं नाही. सकाळी हातपंपाकडे फुलपात्र घेऊन निघाले तर ओसरीवरून आपांची हाक आली. "ए बाई! पाहुण्याच्या तोंडाले खारं लागू देत नाई आमी." हात धरून त्यांनी मला परत आणलं.

दुसरा दिवस: अंजनगाव सुर्जी

निर्मलाचा पाणी आणायचा दिवस होता, मी बरोबर निघाले. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीला. सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकत गेलं की पाणी गोडं होत जातं. रिकामे कॅन एसटीच्या मागच्या सीटखाली. कंडक्टर ओळखीचा झालाय, परतीला भरलेल्या कॅनचं तिकीट कधी लावतो, कधी विसरतो.

बसमध्ये निर्मलाच बोलत होती. "बाहेरून कोणी आलं का आमाले वाटते, इचारायले आलं, कोण मेलं म्हणून. पाणी इचारणाऱ्या तुमीच पयल्या." मग तिनं मला जे सांगितलं त्यानं माझा हिरवा ठिपका पार कोमेजला. नळयोजनेच्या नव्या टप्प्यात कुठली गावं घ्यायची ते त्याच नकाशावरून ठरतंय. लाल गावं आधी. आजूबाजूची सगळी गावं यादीत आहेत, यांचं नाही. निर्मलानं संकेतस्थळावरच दोनदा तक्रार टाकली, दोन्ही वेळा उत्तर आलं की आपल्या गावाचा स्रोत पिण्यास योग्य दिसतो.

"तपासणी खोटी असंन म्हणावं, तं थो पाण्याचा नमुना नेणारा बाटलीवाला खरंच आलता. मी पंचायतीत होती, गाडी जातानी पाहिली मी. पंपाचं पाणी गोडं निंघालंच कसं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "यादी बंद व्हाले आली ताई. यावेळी नाई तं मंग कधी, कोणाले माहीत. याहीच्यापाशी तितका वेळ नाई."

"याहीच्यापाशी" म्हणजे गजाननभाऊंपाशी.

अंजनगाव मला फार आवडलं, आणि त्या दिवशी आवडल्याचीही लाज वाटली. पानमळे आहेत, केळी आहेत, आणि पानपिंपळीचे वेल. ती औषधाची तिखट पिंपळी, हिरवी असताना बोटभर लांब. मळ्यात शिरलं की ऊन एकदम हिरवं होतं, पायाखालची माती ओली, आवाज लांब जातात. निर्मलाच्या भावाची विहीर अशाच मळ्याच्या कडेला. तिनं कॅन भरायला घेतले, मी सवयीनं फुलपात्र पुढे केलं आणि डोळे मिटले.

हलकं, गोड, शेवटी किंचित पानांचा वास.

"निर्मला, हे आपांच्या माठातलं पाणी."

"मंग? इथलंच तं असते थे."

"तसं नाही गं. तो बाटलीवाला गावात आला तेव्हा बसला कुठं होता?"

निर्मलाच्या हातातला कॅन भरून वाहायला लागला, तरी तिनं हलवला नाही. थांब्यासमोर सावली एकाच ओसरीची आहे.

परत गावात पोचलो तेव्हा आपा रजईला टाके घालत होत्या. निर्मला त्यांच्यासमोर बसली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "आपा, थो बाटलीवाला आलता ना मागं, त्याच्या बाटलीत पाणी कोणं भरलं?"

"मी भरलं," आपा सहज म्हणाल्या. "बिचारा उन्हातून आलता. पंपावर ही गर्दी. म्हणे, आपा, भरून देता का, साहेबाच्या टेबलावर जाते थे. म्हटलं, देतो ना बेटा. माठातलं देल्लं. आपल्या गावाचं पाणी साहेबानं तोंडात घेऊन थुकावं का?"

निर्मला आधी हसली, मग तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं सांगितलं, नकाशा, ठिपका, यादी, सगळं. आपांना संकेतस्थळ म्हणजे काय ते समजलं की नाही कोण जाणे, पण नळ का आला नाही ते बरोबर समजलं. त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं, जिथून गजाननभाऊंचा खोकला ऐकू येत होता. सुई रजईत तशीच खोचून त्या आत गेल्या आणि संध्याकाळी दिवा लावायलाही बाहेर आल्या नाहीत.

गजाननभाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिले बोलू नका कोणी. माह्या लग्नात बी सासरच्याइले त्याच माठातलं पाजलं होतं." आणि निर्मलाकडे बघून, "फसली ना?" निर्मलाला परत हसू आलं.

मला त्या क्षणी आपांचा राग आला होता, आता लपवत नाही. मग आठवलं की त्याच माठातलं पाणी पिऊन मीही गहिवरले होते.

तिसरा दिवस: बाटली आणि अमरावती

संकेतस्थळावर प्रयोगशाळेचा फोन असतो, आणि सांगायला आनंद वाटतो की तो लागतो. पलीकडून सांगितलं गेलं की सरपंचाचं पत्र घेऊन नमुना आणून द्या, त्याच दिवशी, स्वच्छ बाटलीत. पंचायतीत एक कोरी बाटली होतीच.

सकाळी निर्मला आणि मी पंपावर गेलो तर आपा आधीच तिथं उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन. त्यांनी हात पुढे केला. "माह्या हातानं गोडं भरलं, माह्याच हातानं खारं भरीन."

मी दांडा मारला. आपांनी बाटली धरली, पण धारेखाली नीट धरवेना, निम्मं पाणी बाहेर. आयुष्यभर परक्याला जे कधी दिलं नाही ते भरत होत्या त्या. बाटली भरल्यावर उजेडात धरून बराच वेळ बघितली. दिसायला ते पाणी अगदी नितळ असतं. मी हळूच फुलपात्र काढलं, म्हटलं आता तरी. आपांनी बघितलं मात्र. "ठेव थे!"

त्या बरोबर यायला निघाल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. आणि पिशवीत दुसरी बाटली, माठातल्या गोड्या पाण्याची. "तिथं माणसं असतीन ना? रिकाम्या हातानं जातेत का कोणाच्या दारी?" निर्मलानं कपाळावर हात मारला, आपांच्या रजईचा लाल दोरा तोडला आणि खाऱ्या बाटलीच्या गळ्याला घट्ट बांधला. दोन्ही बाटल्यांची अदलाबदल झाली असती तर आमचं हसं झालं असतं आणि नळही गेला असता.

दर्यापूरहून अमरावतीची एसटी. वलगाव आलं की शहराचा वारा लागतो, रस्ताही सुधारतो. आपा सगळी वाट खारी बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या. खिडकीतून हरभऱ्याची शेतं मागे जात होती. ऊन उतरल्यासारखं मऊ होतं आणि बस अर्धी झोपली होती. त्या एकदाच बोलल्या. "गजानन लायना होता तं माह्या पिंजलेल्या कापसात लोळे. शोधून काढा लागे."

प्रयोगशाळेत खिडकीमागे एक चष्मेवाले गृहस्थ होते. निर्मलानं पत्र दिलं. आपांनी लाल दोऱ्याची बाटली दोन्ही हातांनी पुढे केली, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "खारं हाय साहेब. माफ करजा."

गृहस्थांना काही कळेना. "खारं असलं तरच बरं ना आजी, मग तुमचं काम होईल."

"थे तुमच्या मशिनीले," आपा म्हणाल्या आणि दुसरी बाटली काढली. "हे तुमाले."

त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, उठून स्वतःचा पेला आणला आणि उभ्याउभ्या पाणी प्यायले. आपांचा चेहरा तेव्हा कुठं जरा सैल झाला.

बसस्थानकावर निरोप घेतला. अमरावतीत बघण्यासारखं बरंच आहे, पण माझ्याच्यानं काही बघवलं नाही. बडनेऱ्याहून परतीची गाडी पकडली.

पुणे

घरी आल्यावर आमच्या नळाचं पाणी प्यायले. क्लोरीनचा वास. नळ सोडला की येतं, त्यात काय एवढं, असं आजवर वाटायचं.

ते पान मी रोज उघडत होते. ऑफिसात, स्वयंपाक करताना, झोपण्याआधी. हिरवा. हिरवा. ज्या ठिपक्याच्या प्रेमात पडून एवढी गेले तो पुसला जावा म्हणून आता देव पाण्यात घालून बसले होते. आणि एका सकाळी नकाशा उघडला तर तो पट्टा अखंड लाल होता, मधे कुठं काहीच वेगळं नाही. मी एकटी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, पाणी पिण्यास अयोग्य आहे! त्याला याची सवय आहे, तो चहा ठेवायला गेला.

निर्मलाला फोन लावला. गाव यादीत चढलंय, यादी बंद होण्याआधी. नळ येईल तेव्हा येईल, खोदकाम, पाइप, सगळं अजून व्हायचंय, आणि गजाननभाऊ तोवर कसे राहतील ते कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग फोन आपांनी घेतला.

"माठ हालवला मी," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"गजाननच्या वसरीवर. त्याच्या खाटेपाशी. पेत नव्हता, म्हणे पाहुण्याचं हाय. म्हटलं, पे मुकाट्यानं, नाई तं माह्या दारात येऊ नको."

"आणि पाहुणे आले तर आपा?"

"आले तं मागतीन त्याले. त्याच्या मनात आलं तं थो देईन." पलीकडून कुणीतरी हसलं. "तू येजो बेटा. बोरं पिकली आता. आन थो तुया वाटका घेऊन येजो. तू काई आता पाहुणी नाई. तुले खारं भेटन."